बारवेत उतरलेला उजेड

चन्नय्या जमादाराला माळसांगवीत कुणी भित्रा म्हटलं नसतं. कुऱ्हाड घेऊन घरात कोंडून बसलेल्या माणसाला एकट्यानं आत जाऊन गचांडी धरून बाहेर आणणारा गडी तो. जळकोटच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला टेकलेलं हे गाव. गावच्या चौकीत एक जमादार आणि शेषेराव नावाचा एक शिपाई, एवढंच सरकार. बाकीचं सरकार नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्यात अजून खुर्च्या-टेबलं मांडण्यात गुंतलं होतं. चन्नय्या जातीनं जंगम, म्हणजे लिंगायतांच्या गुरुघराण्यातला, त्यामुळं गाव त्याला साहेब म्हणायचं सोडून स्वामीच म्हणायचं. म्हातारी माणसं भर रस्त्यात त्याच्या पायातल्या सरकारी बुटांना हात लावायची, आणि हा कानकोंडा होऊन इकडंतिकडं बघत राहायचा.

असा हा माणूस त्या संध्याकाळी महादेवाच्या देवळामागं सायकल टाकून पळाला.

पावसानं लागोपाठ दगा दिला होता. गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडून त्यांत कुत्री झोपायला लागली होती. पाणी उरलं होतं ते एका बारवेत. देवळामागची ती जुनी पायऱ्यांची बारव, खाली काळंशार पाणी. अख्खं गाव तिच्या जिवावर जगत होतं. चन्नय्या जळकोटहून परत येत होता. सूर्य बुडाला होता, पण अंधार पडला नव्हता. देवळाच्या शिखरावर, खूप उंच, त्याला काहीतरी पांढरं लखलखीत दिसलं. चांदणी म्हणावी तर फार मोठं, विमान म्हणावं तर जागचं हलत नव्हतं. तो पायडल मारायचा थांबला. बघता बघता ते तांबूस झालं आणि विझलं.

इथवर ठीक होतं. आभाळात काय काय असतं, पोलिसानं त्याची नोंद ठेवायची नसते. पण मग विझल्या जागेच्या खालून एक बारका उजेड निघाला आणि झोके खात खाली यायला लागला. आवाज नाही, धूर नाही. तो देवळामागं उतरला आणि बारव आतून उजळली. पायऱ्यांचे दगड हिरवट दिसायला लागले. चन्नय्या काठाशी गेला, कारण आजवर तो प्रत्येक ठिकाणी पुढंच गेला होता. खाली पाण्याच्या आत उजेड होता. पाण्यावर पडलेला नाही, पाण्याच्या आत. तो सावकाश खोल खोल जात होता, आणि जाताना घुमल्यासारखा बारीक आवाज येत होता, तो कानानं नाही तर दातांनी ऐकू येत होता. चन्नय्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं छातीवरच्या लिंगाच्या चौक्याला, त्या चांदीच्या डबीला, हात लावला. मग उजेड गेला. त्या काळोखात पाण्यानं एकदाच डुबुक केलं, आणि जमादाराची पाचावर धारण बसली. सायकल कुठं पडली तेही त्याला कळलं नाही.

घरी आला तर लेक शिवगंगा दारात पाण्यानं भरलेली कळशी टेकवत होती.

"कुठलं पाणी हाय गं?"

"बारवेचं. दुपारीच आणलंय आप्पा."

दुपारचं. म्हणजे उजेडाच्या आधीचं. चन्नय्या उंबऱ्यातच खाली बसला आणि त्या कळशीकडं बघत राहिला. बायकोला, शिवकांताला, वाटलं ऊन लागलं. ती कांदा हुंगवायला धावली.

आता खरं सांगायचं तर त्यानं गप्प बसायला हवं होतं. पोलिसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसण्याचे फायदे शिकवावे लागत नाहीत. तो गप्प बसलाही असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दगडोबा धनगर बोंबलत चौकीवर आला. बारवेच्या तोंडाशी जनावरांसाठी दगडी डोण होती. तिच्यातलं पाणी पिऊन त्याच्या मेंढ्या देवळाच्या सावलीत आडव्या झाल्या होत्या, तोंडाला फेस, पाय ताठ. जनावरांचा डॉक्टर आला आणि म्हणाला, उपाशी जनावर एकदम पोटभर पाणी प्यालं की असं होतं, नाहीतर विषारी पाला खाल्ला असेल. दगडोबा म्हणाला, माझ्या मेंढ्या जन्मापासून उपाशीच आहेत, त्या आजच कशा मेल्या?

चन्नय्यानं त्या मेंढ्यांचे डोळे बघितले आणि त्याला शिवगंगाची कळशी दिसली. त्यानं गावाला बारवेवर जायला मनाई केली आणि वर रिपोर्ट धाडला. जे बघितलं ते लिहिलं. उजेड आभाळातून आला, बारवेत उतरला, पाण्यात गेला, बाहेर आला नाही. शेषेराव वाचून म्हणाला, "जमादार साहेब, शेवटची ओळ काढून टाका की. बाहेर आला न्हाई म्हणल्यावर मानसाची झोप उडून जाती."

"मपली उडलीच हाय," चन्नय्या म्हणाला.

जुना जिल्हा असता तर तो कागद कुठंतरी धूळ खात पडला असता. पण नवा जिल्हा, नवे साहेब, प्रत्येकाला काहीतरी करून दाखवायची घाई. लगोलग हुकूम आला: चौकशी होईस्तोवर बारव बंद. काटेरी तार आली, सीलं आली. राखण कुणी करायची? चन्नय्यानंच.

त्याला वाटलं होतं, सरकार पाणी तपासेल आणि तोवर टँकर देईल. टँकर उदगीरहून यायचा, आला तर यायचा. शिवेपलीकडच्या वाडीत विहीर होती. तिथली माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. लातूरवाल्यांनी लातूरचं पाणी प्यावं, म्हणाली. कालपरवापर्यंत सोयरीक करणारी माणसं ही, पण जिल्हा वेगळा झाला आणि तहानही वेगळी झाली. मग गावच्या बाया त्या वाडीला वळसा घालून नदीच्या वाळूत झरे उकरायला जायला लागल्या. उन्हात जायचं नि उन्हातच यायचं. शिवकांताही जायची. जाताना तारेआड उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघायची नाही.

चौकशीचे साहेब लातूरहून जीपनं आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी चन्नय्याला चौकीत समोर बसवलं.

"दारू घेता?"

"लिंगायत हाव साहेब."

"लिंगायत घेत नाहीत?"

"मी घेत न्हाई."

डोळे तपासून झाले. घराण्यात कुणी वेडं होतं का, ते विचारून झालं. बारवेत पाणबुड्या उतरवला. तो वर आला आणि म्हणाला, खाली नुसता गाळ, पुरुषभर तरी असेल, हात घातला तर हात जातोय. काही लागलं का? नाही. काही नाही असं सांगता येईल का? तेही नाही. मग पाण्याच्या बाटल्या भरून मोठ्या शहरात तपासायला गेल्या आणि तिकडंच राहिल्या.

निघायच्या दिवशी साहेबांनी चन्नय्याला जीपपाशी बोलावलं. "हे बघा, हैदराबादेकडून शास्त्रज्ञ लोक मोठाले फुगे सोडतात, आभाळाची तपासणी करायला. फार उंच जातात. आपल्याकडं सूर्य बुडाला तरी वर त्यांच्यावर ऊन पडतं, म्हणून चमकतात. तुम्ही फुगा बघितलात."

चन्नय्याच्या छातीवरचा धोंडा क्षणभर हलला. "आन खाली आलं ते?"

"फुग्याला यंत्रांची पेटी असते. ती छत्रीनं खाली येते."

"मंग ती पेटी बारवंत हाय?"

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "विचारलं आम्ही. त्यांच्या सगळ्या पेट्या सापडल्यात, म्हणाले."

 देवळावर एक कावळा ओरडत होता. मग साहेबांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तुमचा रिपोर्ट आहे तोवर बारव उघडता येणार नाही. बाटल्यांचा निकाल कधी येईल, देव जाणे. तुम्ही म्हणालात की भास झाला, उन्हानं डोकं फिरलं होतं, तर मी आज सील काढतो. नोकरीला धक्का लागू देत नाही. विचार करा."

चन्नय्यानं विचार करायला वेळ मागितला. त्याचं म्हणणं साधं होतं. पाणी चांगलं असेल तर मी गावाला उगाच तहानेनं मारतोय. वाईट असेल आणि मी बारव उघडली, तर पहिली कळशी माझी शिवगंगाच भरणार. दोन्हीकडं माणसं होती आणि मध्ये हा एकटा.

पण विचार करायला त्याला वेळ मिळालाच नाही. साखराबाईची सून सिंधू, दिवस गेलेली, नदीकडून घागर घेऊन येताना वाटेत पडली. ती वाचली, पोटातलं लेकरू गेलं. दुपारी साखराबाई तारेपाशी आली. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

"स्वामी, तुमच्या उजेडानं कुनाला मारलं ते न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "तुमच्या तारंनं मारलेलं म्हाईत हाय."

चन्नय्याला ते इतकं लागलं की तारेला धरलेल्या तळहातातून रक्त आलेलं त्याला नंतर शेषेरावानं दाखवलं. दुसऱ्याच दिवशी तो जळकोटला गेला आणि भास झाल्याचं बयान देऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कागदावर खोटं सांगितलं. तार निघाली. बारव मोकळी झाली.

आणि बारवेवर कुणीच गेलं नाही.

सकाळी बाया घागरी घेऊन आल्या, काठावर उभ्या राहिल्या, खाली काळ्या पाण्याकडं बघितलं आणि नदीच्या वाटेला लागल्या. एकदा पेरलेलं भय असं बयानानं उपटून निघत नसतं. सरपंच अमृतराव चौकीत येऊन बसले. धिप्पाड माणूस, पण शब्द जपून वापरणारा.

"स्वामी, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुमचं कुटुंब काल नदीलाच गेल्तं पान्याला. सगळ्या गावानं बघितलंय. तुम्हीच पीत न्हाईत, तर आमी कामून प्यावं?"

चन्नय्याची मान खाली गेली. कागदावर खोटं बोलणं सोपं असतं, घरातला रांजण खोटं बोलत नाही. त्यानं बायकोला बारवेवर जायला सांगितलंच नव्हतं. जमलंच नव्हतं त्याला.

"उद्या मी पितो," तो म्हणाला. "सगळ्यांम्होरं. पर मी एकटा. आठ दिस बगा मला. काई झालं न्हाई तर मंग गाव पिईल."

"हे बराबर हाय," अमृतराव म्हणाले. "मर्दाची गोष्ट हाय."

घरी शिवकांताला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढनं उठली नाही. "आन तुम्हाला झालं काई तर?"

"तर गावाला कळंल."

"मी गावाचं न्हाई इचारलं."

तिला काय सांगायचं? डोळे मिटले की तो हिरवा उजेड त्याच्यासाठी अजून खोल खोल जात होता. भाकरी खाताना दातांत ती घुमघुम यायची. आपण घाबरलोय हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी बायकोला सांगितलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी सगळा गाव बारवेभोवती जमला. पायऱ्यांवर, काठावर, देवळाच्या ओट्यावर माणसंच माणसं. चन्नय्या खाकी उतरवून धोतर नेसून आला होता. साहेब म्हणून नाही, गावचा माणूस म्हणून प्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पाऊल टाकेल तशी पायरी थंड लागत होती. शेवटच्या पायरीवर तो बसला. पाण्यात त्याचं तोंड दिसत होतं, आणि तोंडाच्या खाली काही नाही, नुसता काळोख. त्यानं तांब्या बुडवला. बुडबुडे आले. त्यानं तो भरून वर घेतला.

आता तोंडाला लावायचा आणि प्यायचा, एवढंच काम होतं. पण चन्नय्यानं जन्मात लिंगाला दाखवल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नव्हता. लहानपणी बापानं लावलेली सवय. चौकीत असो, बंदोबस्तात असो, आधी लिंग, मग आपण. आणि आज तर मरणाचं भय समोर बसलेलं. हात आपोआप गळ्याकडं गेला. त्यानं चौका उघडला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, तांब्यातलं पाणी त्यावर धरलं, ओठातल्या ओठात म्हणायचं ते म्हटलं आणि तळहातातलं पाणी प्याला.

पाणी थंड होतं. गाळाचा वास होता, आणि आणखी कसला तरी, लोखंड चाटल्यासारखा. की ते भयानंच वाटलं? तो डोळे मिटून थांबला. काही झालं नाही. पण काही व्हायचं तर ते लगेच थोडंच होणार होतं.

वर माणसांनी हात जोडले होते. मग कुणीतरी म्हातारं माणूस मोठ्यानं म्हणालं, "हर हर महादेव!" आणि चन्नय्यानं डोळे उघडून वर बघितलं तेव्हा आपण काय करून बसलो ते त्याला कळलं.

त्याला प्यायचं होतं ते पाणी. गावानं बघितलं ते तीर्थ. जंगमानं लिंगावर धरलेलं, स्वतः घेतलेलं. त्याचा बाप हयात होता तोवर दर सोमवारी असंच तीर्थ द्यायचा, आणि माणसं रांगेनं उभी राहायची. चन्नय्यानं खाकी घातल्यापासून ते सोडून दिलं होतं. गावानं सोडलं नव्हतं. माणसं पायऱ्या उतरायला लागली. साखराबाई उतरत होती, तिच्या खांद्याला धरून फिकटलेली सिंधू उतरत होती, दगडोबा डोक्याचं मुंडासं सारखं करत उतरत होता. ज्यांनी काल बारवेत डोकावायचीही हिंमत केली नव्हती त्यांच्या तोंडावर आता भयाचं नावही नव्हतं.

"थांबा!" चन्नय्या ओरडला. "आठ दिस थांबा म्हनलं न्हवतं का? मी एकटा पिनार होतो!"

"आता कसले आठ दिस, स्वामी?" अमृतराव हसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "महादेवाच्या अंगावरचं पानी झालं ते. आता आमी न्हाई भीत."

"न्हाई, आयका माजं..."

काय ऐका? भास झाला नव्हता, खरंच बघितलं, बयान खोटं आहे, असं सांगायचं? म्हणजे पुन्हा तार, पुन्हा नदी, पुन्हा कुणाची तरी सून वाटेत पडणार. 

तेवढ्यात आईच्या हातातून सुटून शिवगंगा सगळ्यांच्या पुढं आली. परकर सावरून त्याच्या समोरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली. आजानं शिकवलं होतं तसा उजवा हात पुढं केला, तळव्याची वाटी करून, खाली डावा हात धरून. वरच्या पायरीवर शिवकांता पदर तोंडात धरून उभी होती. तिनं मुलीला हाक मारली नाही. एवढ्या माणसांत ती काय म्हणून मारणार होती?

"आप्पा, द्या की," शिवगंगा म्हणाली.

सगळं गाव बघत होतं. स्वामी आपल्या लेकीला देतो की नाही, तेच बघत होतं.

त्यानं तांब्या उचलला. लिंगावर धार धरली, पाणी बोटांमधून पोरीच्या तळहातात पडलं. तिनं ते ओठांना लावलं, आवाज करत पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मागं दुसरे हात पुढं आले, मग आणखी, पार वरच्या पायरीपर्यंत नुसते पुढं केलेले हात.

"गार हाय," शिवगंगा म्हणाली. "अजून द्या."

तिनं पुन्हा ओंजळ पुढं केली. चन्नय्याचा हात ओतत राहिला, आणि तो तिच्या ओठांकडं, तिच्या डोळ्यांकडं बघत राहिला.